दाराशेजारच्या तारखा

सर्व्हेवाली माणसं गावात आली की चौकातल्या मोठ्या घरापासून सुरुवात करतात. तिथं खुर्ची मिळते, पंखा असतो, चहा येतो. शेवटच्या वस्तीपर्यंत पोचायला दुपार कलते, कंटाळा येतो, आणि उरलेली घरं झाडाखाली बसून 'भरली' जातात. मी असल्याच एका शेवटच्या वस्तीतली. लहानपणी आमच्या दारात वही घेऊन कोणी आलेलं मला आठवत नाही, तरी आमची सगळी माहिती सरकारदरबारी होती. हे आधीच सांगून टाकते. आमच्या सुपरवायझरांबद्दल पुढं जे बरं लिहीन ते भाबडेपणानं लिहिलंय असं कुणाला वाटू नये.

ते उलटे जायचे. सायकल चौकातून थेट पुढं, कोणी रामराम घातला तर मान हलवून पुढं, गाव संपेपर्यंत पुढं. बौद्ध वस्तीतलं अगदी टोकाचं घर, ज्याच्या मागं नुसतं पऱ्हाटीचं, कपाशीचं वावर, तिथं ते पाय टेकायचे.

"काऊन वो, चौकातून काऊन सुरू केलं?" पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "रस्त्यात लागलं म्हणून."

"रस्त्यात लागते म्हनूनच त्याले सगळे भेटते. तू मांगून, टोकाकडून ये. शेवटच्या घरी जाशीन तवा तू ताजी पाह्यजे. तुह्या कपायावर आठ्या पडल्यावर तिथं जाऊन काय फायदा?"

आम्ही त्यांना सुपरवायझर म्हणायचो. वर्ध्यातल्या एका संस्थेचं संशोधन चाललं होतं, मी त्यात फॉर्म भरणारी, ते आमच्यावरचे. आधी सारी नोकरी त्यांनी आरोग्य खात्यात मलेरियाच्या कामावर काढली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चाल अजून खात्याचीच. पँटीला सायकलची क्लिप, बाहीचं बटण मनगटापर्यंत लावलेलं, आणि कानावर सुतार ठेवतो तसली जाड पेन्सिल.

प्रत्येक घरी ते आधी पाणी मागायचे. पाणी पिऊन होईपर्यंत फॉर्म पिशवीतून निघत नसे. चौकात मागायचे, वस्तीत मागायचे, कुणाच्या माठाला त्यांनी कधी ना म्हटलं नाही. याचा परिणाम असा की दहाव्या घरानंतर सुपरवायझर दोन प्रश्नांच्या मध्येच उठून झाडी शोधायला जायचे आणि मी फॉर्म धरून बसायची. एकदा मी म्हटलं, "एखाद्या घरी नाही प्यायलं तर काय होतं?"

"ते घर कोनतं, हे कोन ठरवन?" ते म्हणाले. "तू ठरवशीन?"

पुढच्या घरी मीही पाणी मागितलं. मला गप्प करणं सोपं नाही.

मलेरियाच्या कामात एक पद्धत होती. आरोग्य कर्मचारी घरी आला, ताप कुणाला आहे का विचारलं, की दाराशेजारी भिंतीवर तारीख लिहायची आणि पुढं सही. जुन्या घरांवर त्या तारखांचे रकाने अजून दिसतात. खातं सुटलं, पण यांची ती सवय सुटली नाही. संशोधनात कुठंच सांगितलेलं नसताना निघताना ते कानावरची पेन्सिल काढायचे आणि दाराच्या चौकटीशेजारी तारीख लिहायचे. फक्त त्यांचा एक नियम होता. त्या घरातल्या माणसाबद्दल आपल्याला आधी माहीत नसलेली एक गोष्ट समजली पाहिजे. समजली तर तारीख. नाही समजली तर पेन्सिल परत कानावर, आणि पुढच्या वेळेला परत बसायचं.

"फॉर्मात सगळंच समजतं ना," मी म्हणायची.

"फॉर्मात आपुन इचारलेलं समजते."

म्हणून ते भलतंच काही विचारायचे. लग्नाआधी तुले काय नावानं बोलावत? पयला शिनेमा कोनता पाह्यला, अन् कोनासंगं? एका म्हाताऱ्या बाईनं पहिल्या सिनेमाचं सांगताना पदर तोंडात कोंबला आणि इतकी हसली की सून आतून बघायला आली. त्या दिवशी भिंतीवरची तारीख त्यांनी जरा मोठ्या अक्षरात लिहिली.

फॉर्ममधले प्रश्न तसे बरे होते, पण उत्तर एक ते पाचमध्ये द्यायचं. गावातला माणूस सुखदुःख एक ते पाचमध्ये सांगत नाही. तर हे खिशातून पाच फुटाणे काढून समोरच्या पाटावर मांडत. "पाच फुटाने म्हंजे लय बरं, एक म्हंजे काईच नाई. किती उचलान?" एका बाबांनी विचार करता करता दोन तोंडात टाकले. मी 'दोन' लिहायला लागले, तर सुपरवायझरांनी हात धरला. "खाल्लेले मोज नोको. भूक वेगळी, सुख वेगळं."

आता त्या संशोधनाबद्दल. एकट्या माणसाची तब्येत लवकर ढासळते, हे आता शास्त्रातही लिहून येतं. प्रश्न असा होता की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडं दर आठवड्याला कोणी गेलं, नुसतं बसून बोललं, तर त्याची झोप, भूक, रक्तदाब, उमेद यांत फरक पडतो का? समुद्रपूर तालुक्यातली दोन गावं घेतली होती. एका गावात दर बुधवारी भेटायला माणूस जाणार. दुसरं गाव तुलनेसाठी, तिथं भेट नाही, दर दोन महिन्यांनी फक्त फॉर्म. फरक दिसला, तर संपल्यावर दुसऱ्या गावातही भेटी सुरू करू, असा शब्द दिलेला होता. कुठलं गाव कुठलं, हे चिठ्ठीनं ठरलं. संशोधनाच्या प्रमुख मॅडमनी डबा माझ्यापुढं धरला आणि चिठ्ठी मी काढली.

मला त्याचा संताप आला. स्वतःच्या हाताचाही आला. मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. वसतिगृहाच्या पाण्यावर लिहिलं, शिष्यवृत्तीवर लिहिलं, स्मशानभूमीच्या रस्त्यावर लिहिलं. एका म्हातारीला सोबत आणि दुसरीला फॉर्म, हा कुठला न्याय? फॉर्मच्या दोन फेऱ्या झाल्यावर दोन दिवसांत पत्रक तयार झालं. मथळा होता, 'एकटेपणाची सोडत'. छापण्याआधी सुपरवायझरांना दाखवलं, कारण नोकरीत टिकले तर मी त्यांच्याच हाताखाली टिकणार होते.

त्यांनी सावकाश वाचलं, मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिली.

"यात म्हातारी कुठं हाय?"

"सगळं त्यांच्याबद्दलच आहे."

"नाव सांग एकीचं."

"नावं छापायची नसतात, सर."

"छापू नोको. मले सांग."

दुसऱ्या गावातल्या बारा घरांचे मी दोनदा फॉर्म भरले होते. मला घर क्रमांक आठवत होते.

"अन् चिठ्ठीवर एवढी तापू नोको," पत्रक माझ्या हातात देत ते म्हणाले. "चौक अन् वस्ती एकाच चिठ्ठीत टाकली त्या बाईनं. तुह्या वस्तीच्या वाट्याले याच्याआधी कधी चिठ्ठी तरी आलती काय?"

ते पत्रक छापलं गेलं नाही. माझ्या मते मुद्दा तेव्हाही बरोबर होता, आजही आहे. पण त्यानंतर मी बारा नावं पाठ केली. दुसऱ्या गावातल्या टोकाच्या घरातल्या बाईचं नाव अनुसयाबाई.

मलेरियाच्या नोकरीतली एक गोष्ट सुपरवायझरांनी मला एकदाच सांगितली, जेवणाचा डबा उघडून, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. तेव्हा ते नोकरीत नवे होते. पुलगावकडचं एक गाव होतं. उन्हाळा. चौकातली घरं झाली, टोकाची वस्ती राहिली. सायकलवरून न उतरताच त्यांनी एका दारापाशी एक पाय टेकला, हात लांबवून तारीख लिहिली, सही केली आणि पुढं गेले. आत एक बाई तापानं फणफणत पडली होती. पुढच्या फेरीला गेले तेव्हा ती नव्हती. तिच्या सासूनं काही आरडाओरडा केला नाही. तिनं त्यांना दाराशी नेलं आणि भिंतीवर बोट ठेवलं.

"तारीख व्हती," ते म्हणाले. "मी नव्हतो."

मग त्यांनी डबा बंद केला. तुकडा तसाच राहिला होता.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मला त्यांची चूकही सांगितली पाहिजे. त्यांना देव करायची मला हौस नाही.

दुसऱ्या गावात चौकात किराणा दुकान होतं. दुकानदाराचा म्हातारा बाप मागच्या खोलीत एकटा. गाव त्याला बाबूजी म्हणे. मुलगा-सून दुकानात, जेवणाचं ताट खोलीत यायचं, ताटाबरोबर माणूस बसत नसे. चिठ्ठीनं हे गाव भेटीशिवायचं ठरलेलं. एका फेरीला बाबूजींनी सुपरवायझरांना दारातच अडवलं.

"त्या अनुसयाच्या भिंतीवर चार तारखा हाय म्हंते. माह्या तीनच काऊन?"

"मांगच्या फेरीले तुमी कूस बदलून झोपले व्हते, बाबूजी. काईच बोलले नाई."

"म्हंजे माहा नंबर खाली?"

"नंबर नाई बाप्पा. भेट."

बाबूजींनी भिंतीवरच्या तारखा परत मोजल्या. "मंग दुसऱ्या कोनी लिहली तं चालते का?"

इथं सुपरवायझरांनी नाही म्हणायला पाहिजे होतं. हे तुलनेचं गाव आहे, इथं काही ढवळायचं नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. ते म्हणाले, "बसलं, बोललं, नवं काई समजलं, तं कोनीबी लिहो."

झालं. बाबूजींनी आधी दुकानात येणाऱ्यांना बोलावून बघितलं. त्यांना सवड नव्हती. ज्यांना सवड होती ते सगळे बारा जणांतलेच, आपापल्या खोल्यांत बसलेले. म्हणून बाबूजी काठी घेऊन निघाले. एकाच्या भिंतीवर तारीख लिहिली की तो माणूस उलट यांच्याकडं येऊन लिहिणार, असा त्यांचा हिशोबी डाव. पहिल्यांदा शेजारी, मग पलीकडच्या गल्लीत, आणि सगळी संपल्यावर टोकाच्या वस्तीत, अनुसयाबाईंकडं.

अनुसयाबाईंनी मला ते नंतर रंगवून सांगितलं. "पयल्या खेपीले दारातच उभा. म्या म्हनलं, बस ना शेठ, जमीन चावते काय? तं म्हंते, दुकानातून चहा आनला हाय, दोघायले. दुसऱ्या खेपीलेबी थर्मास. तिसऱ्या खेपीले थर्मास घरीच इसरला. बसला, बोलला, घसा कोरडा पडला. मी काई इचारलं नाई. माठाकडं पाह्यत व्हता. मंग सोताच म्हंते, पानी दे."

"मग?"

"मंग देल्लं. अन् म्हनलं, शेठ, लिहा आता तारीख, आज नवं समजलं."

या गोष्टीवर लोक डोळे पुसतात. मी पुसत नाही. एका घोटाला एका माणसाचं अख्खं आयुष्य लागावं, याचं कौतुक मला करता येत नाही. पण अनुसयाबाई हसत होती, आणि पाणी तिच्या माठातलं होतं, म्हणून मी त्यावर पत्रक लिहिलं नाही.

बारा घरांच्या भिंती भरत गेल्या. आमच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये आठ-आठ, दहा-दहा तारखा, वेगवेगळ्या अक्षरांत. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी रेघ ओढलेली. सुपरवायझर त्या बोटानं वाचायचे आणि मॅडमना काही सांगायचे नाहीत. मी बघत होते, मीही सांगितलं नाही. आम्हा दोघांना ते बरं वाटत होतं.

शेवटची फेरी झाली, आकडे आले. दोन्ही गावांतली म्हातारी माणसं आधीपेक्षा बरी झाली होती, आणि दोन्ही गावांतली सारखीच. मॅडम म्हणाल्या, भेटी दिलेलं आणि न दिलेलं गाव सारखंच सुधारलं, म्हणजे भेटींचा उपयोग दिसत नाही. सोमवारच्या बैठकीत तसं नोंदवू.

म्हणजे दुसऱ्या गावाला दिलेला शब्द गेला. अनुसयाबाई प्रत्येक फेरीला विचारायची, "आमचा बुधवार कवा?" आणि मी सांगायची, "आता थोडंच राहिलं."

मी सुपरवायझरांना शनिवारी संस्थेच्या सायकल स्टँडवर गाठलं. मला तोड सुचली होती. दुसऱ्या गावात ज्यांची तब्येत सगळ्यात जास्त सुधारली, अशा चार घरी शेवटच्या फेरीला आम्ही गेलोच नाही, ते फॉर्म बाद करा म्हणायचं. तेवढ्यानं तुलनेचं गाव मागं पडेल, फरक दिसेल, आणि त्या गावाला हक्काचा बुधवार मिळेल. खोटं आहे, पण कुणाच्या पोटावर पाय नाही. उलट न्यायच होतो.

त्यांनी ऐकून घेतलं. सायकलचं कुलूप काढलं, परत लावलं.

"त्या चार घरी जाऊन आलो, बसलो, तरीबी गेलो नाई म्हनाचं?"

"हो. त्यांच्याच भल्यासाठी."

"तवा मी न जाता गेलो म्हनून लिहलं व्हतं," ते म्हणाले. "आता जाऊन नाई गेलो म्हनू. तुले याच्यात काई फरक दिसते काय?"

"फरक आहे. तेव्हा बाई गेली. आता बायांना सोबत मिळेल."

"तवाबी मले वाटलं व्हतं का कोनाचं काई बिघडत नाई."

सोमवारी बैठकीत ते उभे राहिले. हातात वही होती. बारा घरांच्या भिंतींवरच्या तारखा त्यांनी दर फेरीला उतरवून घेतल्या होत्या, रेघांसकट. "म्याडम, भेटी दोन्ही गावांत झाल्या. दुसऱ्या गावातल्या माह्यामुळं झाल्या. म्या लिहाले सांगतलं."

मॅडमनी वही चाळली. बराच वेळ चाळली. "हे तुम्ही मला आज सांगताय?"

"मले बरं वाटत व्हतं म्हनून नाई सांगतलं."

मॅडम आवाज चढवून बोलल्या नाहीत. त्यांनी लिहिलं की दुसरं गाव तुलनेसाठी धरता येत नाही, त्यामुळं भेटींनी काय झालं ते या अभ्यासावरून सांगता येत नाही. उपयोग नाही असंही नाही, आहे असंही नाही. बुधवार आला नाहीच. आणि सुपरवायझरांची मुदत पुढं वाढली नाही.

मी त्यांच्यासाठी पत्रक लिहायला घेतलं. खरं बोलणाऱ्याला घरी बसवणारं संशोधन, असा मथळा काढला. ते म्हणाले, "बाईचं चुकलं नाई. माहं चुकलं. अन् माहं चुकलं तेच त्या गावाचं बरं झालं. हे तुह्या मथळ्यात बसन तं लिही." ते बसत नव्हतं. मी बरेच दिवस प्रयत्न केला.

आता ते मुलीकडं नागपूरला असतात. फोन करून बोलणं त्यांना बोलणं वाटत नाही, त्यामुळं उचलत नाहीत. मी रागावले होते त्यांच्यावर. खरं सांगितलं, हात धुतले, आणि बुधवारची वाट बघणारी म्हातारी माझ्या माथी मारून गेले, असं मला वाटत होतं. बुधवार येणार नाही हे तिला सांगायलाच एका दुपारी मी त्या गावात उतरले. चौकातून थेट पुढं गेले. बाबूजी दुकानाच्या पायरीवर बसले होते, त्यांनी काठी उचलून दाखवली.

अनुसयाबाईंनी पाणी दिलं. मी प्याले आणि सुरू झाले. शब्द कसा मोडला, संस्था कशी, मॅडम कशा, चिठ्ठी कशी, आणि सुपरवायझरांनी ऐन वेळी काय केलं. मी पोटतिडकीनं बोलत होते. ती गहू निवडत होती. माझं संपलं तेव्हा सुपात खडे बाजूला झाले होते.

दाराशेजारी रकाना खालपर्यंत आला होता. शेवटची तारीख चार दिवसांपूर्वीची, बाबूजींच्या वळणाची. खिळ्याला दोऱ्यानं सुताराच्या पेन्सिलीचा तुकडा बांधलेला. तो कुणाचा हे मला ओळखू आलं. मी उठून तो हातात घेतला.

"ठेव," अनुसयाबाई म्हणाली.

"का आजी?"

"कायची तारीख? तवापासून तूच बोलून राह्यली. मले काय इचारलं तू?"

मी पेन्सिल हातातून सोडली.

"बस. अन् त्यायनं इचारलेलं इचारू नोको. लग्नाआधीचं नाव झालं, शिनेमा झाला, सगळं झालं."

मी बसले. दोन वर्षं त्या घरी येत होते. फॉर्ममधले सगळे प्रश्न मला पाठ होते आणि त्यांतला एकही आता चालणार नव्हता. मी तिच्या हातांकडं बघितलं, सुपाकडं बघितलं. शेवटी मला माझ्या पत्रकांच्या धंद्यातलंच सुचलं.

"आजी, तुम्हाला राग कोणाचा येतो?"

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं, मग बाहेर वावराकडं. "हे कोनी नाई इचारलं बाप्पा," ती म्हणाली, आणि मग बोलायला लागली.

तिनं जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. पत्रकात घालावं असंच होतं ते, आणि म्हणूनच नाही. तीनची एसटी गेली, साडेचारची गेली. मी मध्ये एकदाही बोलले नाही. सांगून झाल्यावर तिनं तोंडावरून हात फिरवला, सूप परत मांडीवर घेतलं आणि हनुवटीनं खिळ्याकडं खूण केली.

"लिही आता."

बाबूजींच्या तारखेखाली मी तारीख लिहिली. मग चपला घातल्या. अनुसयाबाईंचं घर गावाच्या टोकाचं. तिथून चौकापर्यंत बारांतली अजून अकरा दारं होती.